गालिच्याखालचा कोबा

अमेरिकेत आल्याच्या चौथ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्याकडे खुरपं मागितलं. मी म्हटलं, बाबा, एप्रिल आहे, बागेत अजून काही लावलेलं नाही. "बागेत नाही गं," ते म्हणाले, "खाली."

खाली म्हणजे तळघरात. न्यू जर्सीत एडिसनला आमचं घर आहे, १९६१ साली बांधलेलं, त्यामुळे त्याच्या दुखण्याखुपण्यांची यादी मोठी आहे. मार्चमध्ये वॉशिंग मशीनची नळी फुटली आणि रात्रभर पाणी वाहत राहिलं. तळघरातला भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा भिजला आणि आठवड्याभरात घरभर ओल्या कुत्र्याचा वास सुटला. आमच्याकडे कुत्रा नाही. आधीच्या कुणाकडे तरी असणार.

गालिचा काढणं सोपं गेलं. मी आणि नवऱ्याने धारदार सुरीने त्याचे पट्टे कापले, वळकट्या बांधल्या आणि कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला नेऊन ठेवल्या. त्यात नवऱ्याची कंबर धरली आणि तो या गोष्टीतून इथेच बाद झाला. पण गालिच्याच्या पाठीला फोमचा थर होता, तो काही गालिच्याबरोबर आला नाही. हात लावला की शिळ्या केकसारखा त्याचा चुरा व्हायचा. तो झाडून काढला तेव्हा खालचा डिंक दिसला. पिवळट तपकिरी, काकवीच्या रंगाचा. दातेरी थापीने पसरलेला असल्यामुळे त्याच्या बारीक समांतर रेघा उठलेल्या, अर्धगोल वळणं घेत गेलेल्या. उन्हात वाळत घातलेल्या कुरडया कुणीतरी कागदावरून उचलायला विसरावं, तसं सगळं तळघर दिसत होतं. सुमारे चारशे चौरस फूट कुरडया.

बाबा सांगलीला सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, वय ७१. ते जिना उतरून आले, मधोमध उभे राहिले, पायाच्या अंगठ्याने डिंक दाबून पाहिला. मग एका मोकळ्या कोपऱ्यात बसून जमिनीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाले, "कोबा आहे हा. घोटाई चांगली केलीये."

मी त्या जमिनीला इतके दिवस 'काँक्रीट स्लॅब' म्हणत होते. 'कोबा' म्हटल्याबरोबर ती माझ्या आजोळच्या मागच्या पडवीसारखी दिसायला लागली. मग काय, खुरपं नव्हतंच, पण दुकानातून रुंद पात्याचं स्क्रेपर आणलं.

ते मी लगेच लावू मात्र दिलं नाही. हा आमचा पहिला वाद. बाबांची गाठोडं बांधून आणलेली सवय अशी की काम दिसलं की भिडायचं. माझं म्हणणं, आधी डिंक तपासायचा. "डिंकाची तपासणी? रक्ताची करतात तशी?" साधारण तशीच. १९८० च्या आधीच्या अमेरिकन घरांत जमिनीवर काय आहे हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. वॉशिंग मशीन ठेवतो त्या कोपऱ्यात गालिचा नव्हता, जुन्या फरशा होत्या, नऊ बाय नऊ इंचांच्या. हे माप पाहिलं की इथल्या जाणत्या माणसाचा हात थांबतो, कारण त्या काळच्या नऊ इंची फरशांमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस, म्हणजे ज्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले की जीवघेणे आजार होतात ते खनिज, असतं आणि त्या ज्या काळ्या डांबरी लुकणाने चिकटवलेल्या असतात त्यातही. जिन्याखाली दोन फरशा निघालेल्या होत्या. तिथे ते लुकण उघडं पडलेलं, काळं कुळकुळीत, जुन्या रस्त्याच्या डांबरासारखं.

मी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती जागा ओली केली म्हणजे धूळ उडणार नाही, रुपयाएवढा तुकडा उचलला, एका पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत घातली. पिवळ्या डिंकाचा वेगळा नमुना, फरशीचा वेगळा. तिन्ही प्रयोगशाळेला पोस्टाने पाठवले. तिथे ते ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधतात. एक टक्क्याच्या वर निघालं की सरकारी व्याख्येत ते ॲस्बेस्टॉसचं सामान ठरतं.

निकाल येईपर्यंत बाबा तळघराच्या दारापाशी येरझाऱ्या घालत होते. "अगं, आमच्या ऑफिसच्या गॅरेजवर तीस वर्षं सिमेंटचे पत्रे होते. आम्ही ते करवतीने कापून घेतलेत." मला माहीत होतं. माझ्या शाळेवरही तेच पत्रे होते. पावसात इतका आवाज व्हायचा की बाई शिकवणं थांबवायच्या. त्या 'सिमेंट'मध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात हे तेव्हा कुणी बोलत नव्हतं, आणि भारतात ते पत्रे आजही राजरोस विकले जातात. अमेरिकेनेही फार शहाणपणा दाखवलाय असं नाही. १९८९ साली पर्यावरण खात्याने बहुतेक वापरांवर बंदी घातली, १९९१ मध्ये न्यायालयाने त्यातली बरीचशी रद्द केली, आणि नेहमीच्या वापरातल्या क्रायसोटाइल जातीवर बंदी यायला २०२४ उजाडलं. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर मॅनव्हिल नावाचं गाव आहे. गावाला नावच ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यावरून पडलं. जॉन्स-मॅनव्हिल कंपनीचा तो कारखाना. आजारी पडलेल्यांचे दावे इतके झाले की १९८२ साली धडधाकट धंदा असलेली ही कंपनी दिवाळखोरीत गेली. बाबांना मी एका रविवारी त्या बाजूने गाडीतून नेलं. पाहण्यासारखं काही नाही, साधी घरं, साधी दुकानं. ते म्हणाले, "किर्लोस्करवाडी म्हणतो आपण, तसं." मग जरा वेळाने, "तसं नाही म्हणा."

निकाल आला. पिवळा डिंक स्वच्छ. फरशीत आणि काळ्या लुकणात क्रायसोटाइल, लुकणात चार टक्के. म्हणजे तळघराचे दोन भाग झाले. मोठा भाग आमचा, आणि तो कोपरा, जिथे कुणी काही खरवडायचं नाही.

दुसरा वाद रॉकेलचा. बाबांच्या पिढीकडे दोन औषधं होती, पोटासाठी ओवा आणि बाकी सगळ्यासाठी रॉकेल. सायकलची चेन, हाताला लागलेला ऑइलपेंट, गंजलेला स्क्रू, ढेकूण. रॉकेल नाही तर थिनर. मी त्यांना कोपऱ्यातला गॅसवरचा पाणी तापवायचा बंब दाखवला. बंबाच्या पोटात खाली एक बारीक निळी ज्योत चोवीस तास जळत असते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, आणि ती ज्योत आहे जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यांनी वाकून ज्योत पाहिली आणि रॉकेलचा विषय कायमचा बंद केला. इंजिनिअर माणूस, वाद घालतो पण ज्योत दिसली की घालत नाही. पूर्वी इथे मिथिलीन क्लोराइडचे डबे मिळायचे, कुठलाही रंग आणि डिंक पाघळवणारे. बंद खोलीत ते वापरणारी माणसं काम करता करता दगावली, तेव्हा २०१९ मध्ये रंग काढायचे तसले डबे सामान्य गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली. सोयाबीनच्या तेलापासून केलेली जेलही मिळते, वास नसलेली. तीही मी आणली नाही, कारण काँक्रीट म्हणजे सच्छिद्र वस्तू, तेलकट काही लावलं की ते आत मुरतं आणि पुढे त्यावर काहीही धरत नाही.

आम्ही शेवटी जे वापरलं ते ऐकून तुम्ही हसाल. उकळतं पाणी.

पिवळा डिंक बहुधा लॅटेक्सचा, पाण्यात कालवलेला असतो. वाळला तरी गरम पाण्याने तो पुन्हा मऊ होतो. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर किटली ओतायची, पंधरा मिनिटं विसरून जायचं. टॉवेल उचलला की डिंकाचा रंग दुधाळ झालेला असतो. आता स्क्रेपर जवळजवळ आडवं धरून पुढे रेटायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. पात्यापुढे डिंक गुंडाळत गेला, खरवडलेल्या सायीसारखा, आणि मागे राखाडी, ओलसर, थंड कोबा उघडा पडला. पण पाच मिनिटांत पाणी निवतं आणि डिंक पुन्हा चिवट होतो, म्हणून एकाने खरवडायचं तेव्हा दुसऱ्याने पुढच्या टॉवेलवर किटली ओतायची. पातं बोथट झालं की लगेच बदलायचं. बाबांना हे पटायला दोन दिवस गेले. पातं दगडावर घासून पुन्हा वापरता येत असताना फेकायचं, हे त्यांच्या हाडात बसत नव्हतं. घासलेली पाती त्यांनी एका डब्यात साठवून ठेवली आहेत. ती कधी लागणार ते विचारायचं नाही.

इथे मिळणाऱ्या स्क्रेपरला चार फुटी दांडा असतो. उभं राहून काम करायची इथली रीत. बाबांनी दांडा काढून ठेवला आणि उकिडवे बसले. ७१ वर्षांचा माणूस सलग दीड तास उकिडवा बसून, बदकासारखा एकेक पाऊल मागे सरकत काम करत होता, आणि मी ४२ व्या वर्षी गुडघ्यांना गाद्या बांधून दर दहा मिनिटांनी भिंतीला टेकत होते. "तुम्ही लोक खुर्चीत वाढलात," एवढंच ते म्हणाले. कडेच्या बारीक जागांसाठी त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं पळवलं. ते सासूबाईंनी सांगलीहून सामानात घालून आणलेलं होतं. त्यावरून वर जे झालं ते लिहीत नाही.

एरवी आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, उद्या पाऊस आहे. सोळा वर्षं सून आहे मी त्यांची, पण आमच्यामध्ये नेहमी एक सासूबाई किंवा एक टीव्ही असायचा. तळघरात दोन्ही नव्हते. तरी फार काही बोललो नाही. ते जमीन वाचायचे आणि मला सांगायचे.

डिंकाच्या त्या कमानी त्यांनी दोन दिवस नुसत्या पाहिल्या. मग एका संध्याकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरली. तिरप्या उजेडात प्रत्येक रेघ उठून दिसली. "हे बघ. प्रत्येक फटकारा डावीकडे जाड सुरू होतो आणि उजवीकडे विरतो. डिंक ओतला डावीकडे, थापी ओढली उजवीकडे. डावखुरा असणार." खरं का खोटं, मला ठरवता येत नाही. पण कमानी सगळ्या जिन्याकडे सरकत आलेल्या होत्या हे मलाही दिसलं. माणूस समोरच्या भिंतीपासून गुडघ्यांवर मागे मागे येत गेलेला. आणि जिन्यापाशी शेवटच्या दोन हातात रेघा वेड्यावाकड्या, डिंक नको तेवढा जाड. "इथे दमला तो. किंवा डब्यात उरलेला सगळा ओतून मोकळा झाला." नेमका तोच पट्टा काढायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खिडकीखालून निघालेला एक लांब तडा होता. मी घाबरले, घर खचतंय की काय. बाबांनी नख तड्यावरून आडवं फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवायला लावलं. दोन्ही कडा एका पातळीत. "खचला असता तर एक कड वर असती. हा आकसल्याचा तडा. पाणी नीट मारलं नसेल, घाई केली असेल." ज्या गवंड्यांनी १९६१ मध्ये पाणी मारायचा कंटाळा केला त्यांना सांगलीच्या उपअभियंत्याने २०२५ मध्ये ठपका ठेवला. भिंतीच्या कडेला पांढरी भुकटी होती, तिला मी बुरशी समजत होते. "लोणा आहे. ओल वर चढते, क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं, क्षार राहतात." मग त्यांना ओल मोजायचीच होती. मी दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून सोळा तास ठेवायची इथली रीत सांगितली. एकदम पसंत. तीन ठिकाणी कागद लावले, घड्याळात वेळ लिहून ठेवली. सकाळी भिंतीजवळच्या कागदाखाली दव धरलं होतं, मधले दोन कोरडे.

मीही त्यांना एक गोष्ट दिली, आमच्या गावाच्या नावाची. हे गाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं. मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथली, म्हणून मग एडिसनचं नाव लावलं. बल्बवाला एडिसन त्यांना ठाऊक होता, सिमेंटवाला नव्हता. १८९९ मध्ये त्याने याच राज्यात सिमेंटची कंपनी काढली. १९२३ चं यँकी स्टेडियम त्याच्या सिमेंटचं आहे. त्याचं स्वप्न असं की बिडाच्या साच्यात काँक्रीट ओतून अख्खं घर एका दमात उभं करायचं, जिना, न्हाणीघर सगळ्यासकट. युनियन गावात तशी काही घरं १९१७ च्या सुमारास झालीसुद्धा, अजून उभी आहेत. पण धंदा म्हणून ते बसलं नाही. काँक्रीटचं फर्निचरही करून पाहिलं त्याने. बाबांनी स्क्रेपर खाली ठेवलं. "काँक्रीटची खुर्ची?" हो. "सरकवायची कशी?" त्या दिवशी जेवताना, दुसऱ्या दिवशी फोनवर मिरजेच्या भावाला, आणि नंतर देवळात भेटलेल्या एका अनोळखी गुजराती गृहस्थांना त्यांनी काँक्रीटच्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

सासूबाई खाली फारशा येत नसत. एकदा चहा घेऊन आल्या, अर्धी स्वच्छ अर्धी बरबटलेली जमीन पाहिली आणि म्हणाल्या, "जी जमीन पुसता येत नाही ती कसली जमीन? कापड खाली चिकटवून त्यावर वर्षानुवर्षं चालायचं. शी." मला हसू आलं, पण त्या पायऱ्या चढून गेल्यावर मी त्यावर बराच विचार केला. आपल्याकडे सतरंजी असते, जाजम असतं, ते येणाऱ्यासाठी अंथरतात आणि गेल्यावर झटकून गुंडाळतात. खालची जमीन रोज उघडी पडते, रोज तिच्यावरून फडकं फिरतं. माझ्या आजोळी पडवी सोडून घर शेणाने सारवलेलं होतं. आजी सणाच्या आदल्या दिवशी मागे मागे सरकत दारापर्यंत यायची. तिच्या हाताच्या कमानी वाळल्यावर दिसायच्या. हे मला डिंकाच्या कमानी खरवडताना आठवलं म्हणून लिहिलं. साम्य तेवढंच. आजीच्या कमानी पुढच्या सारवणापर्यंत टिकायच्या, आणि आम्ही डावखुऱ्याच्या पुसत होतो त्या कधी घातल्या तेच माहीत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात डिंक संपला, पण त्याची छाया राहिली. रेघांच्या जागी पिवळसर पट्टे, बोटाला न लागणारे, डोळ्यांना दिसणारे. इथे बाबा हट्टाला पेटले. शेजाऱ्याकडे हिऱ्याच्या वाटीचं ग्राइंडर आहे हे त्यांनी कुंपणावरून गप्पा मारताना शोधून काढलं होतं. अर्ध्या दिवसात लख्ख होईल. होईल, पण काँक्रीट घासलं की सिलिकाची धूळ उडते, फुफ्फुसात जाऊन बसणारी, जिची इथल्या कामगारांसाठी मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना दिसली तर ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मी हा आकडा सांगितला. बाबा गप्प झाले. मग त्यांनी एका खडी मशीनवरच्या माणसाचं सांगितलं, त्यांच्या हाताखालच्या कामाला खडी पुरवणारा, पस्तिशीत खोकून खोकून गेलेला. "तेव्हा सगळे क्षय म्हणाले." त्यांनी स्वतःच ग्राइंडरचा नाद सोडला.

पण त्या काळ्या कोपऱ्याने त्यांना छळलं. एवढं सगळं स्वच्छ आणि तिथे डांबर तसंच. अर्धवट काम. इथला सल्ला असा की फरशा शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका, झाका. जिन्याखालच्या उघड्या तुकड्यावर आम्ही सील करणाऱ्या लेपाचे दोन हात दिले. बाबांनी ब्रश मारला, मी कडेला उभी. लेप वाळल्यावर त्यांनी तिथे एका कागदावर मोठ्या अक्षरात 'खरवडू नये' असं मराठीत लिहून भिंतीला चिकटवलं. वाचणार कोण, मी विचारलं. "तू वाचशील ना. विसरलीस तर."

आता यावर काय टाकायचं? नवऱ्याचं म्हणणं, व्हिनाइलच्या पट्ट्या, तरंगत्या, डिंकाशिवाय बसणाऱ्या. "म्हणजे परत झाकायचा?" बाबांनी विचारलं, आणि त्या 'परत'मध्ये पाच आठवडे होते. सासूबाई या एका बाबतीत त्यांच्या बाजूच्या निघाल्या. हिवाळ्यात पाय गारठतील हे मला ठाऊक आहे. तरी ठरलं की कोबा उघडा ठेवायचा, आत मुरणारं सीलर मारायचं, आणि वर सतरंजी.

सीलर मुरायला छिद्रं मोकळी हवीत. ती मोकळी आहेत का हे पाहायची परीक्षा सोपी आहे. पाण्याचा थेंब टाकायचा. कोबा उघडा असेल तर थेंब पसरतो, जागा गडद होते आणि पाणी आत जातं. डिंकाचा अंश असेल तर तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहतो.

शनिवारी सकाळी बाबा देवघरातली पळी घेऊन खाली आले. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. खोलीत त्यांनी हातभर अंतरावर थेंब टाकायला सुरुवात केली, भिंतीपासून जिन्याकडे, उकिडवे, मागे सरकत. मी मागून बॅटरी धरली होती. थेंब पडायचा, क्षणभर चमकायचा, गडद होऊन नाहीसा व्हायचा. बाबा मोजत होते. छत्तीस, सदतीस, अडतीस. जिन्यापाशी, जिथे तो दमला होता, एकेचाळिसावा थेंब पडला आणि तसाच बसून राहिला. आम्ही दोघं वाट पाहत होतो. मी बॅटरी जवळ नेली. थेंबात बॅटरीचा दिवा उलटा दिसत होता.

"किटली लाव," बाबा म्हणाले.